आसरांची टोपली

काळेखारच्या बांधावर त्या दिवशी तांबडं फुटायच्या आत दोनशे माणूस जमलं होतं. कोणी पेणहून रिक्षा भरून आलं होतं, कोणी वडखळहून दुचाकीवर तिघं बसून. पुढच्यांनी हात जोडले होते, मागच्यांनी मोबाईल उंच धरले होते, आणि सगळ्यांचे डोळे दोन गुंठ्यांच्या एका तळ्यावर खिळले होते.

तळ्यात जिताडा माशाची हजारो पिल्लं पाण्यावर येऊन आचके देत होती. बोटाएवढी पिल्लं, तोंडं वर काढलेली. एवढी माणसं गप्प होती म्हणून त्या तोंडांचा पुटपुट आवाज बांधापर्यंत ऐकू येत होता.

"बघा लेकरांनो," जलनाथ महाराज म्हणाले. उंच माणूस, भगवी लुंगी, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जावा. "ही पिल्लं मरत नाहीत. ही बोलतायत. पाण्यातल्या साती आसरांना हाक मारतायत. सात बहिणी, सात खाड्या, सात पाताळं. आज मंगळवार, मंगळाचं पाणी जड असतं. जड पाण्याला हलकं कोण करणार? सात कुंडांची ही राख करणार. मी कोण? मी तर नुसता चमचा."

चमच्याने दोन तांब्याच्या घागरी उचलल्या आणि बांधावरून फिरत पांढरी राख काठाकाठाने ओतली. पाण्यावर बारीक बुडबुडे उठले.  पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग काठाजवळची पिल्लं एकेक करून वळली, तोंडं खाली घातली आणि हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली. सूर्य माडांच्या वर आला तेव्हा पाण्यावर एकही पिल्लू राहिलं नव्हतं.

बायकांनी चिखलात डोकी टेकली. सगळ्यांच्या पुढे कमळ म्हात्रे होती. तळं तिच्या बचत गटाचं होतं. ती रडत होती, आणि तिच्या मागे चार पावलांवर तिची सून क्रांती, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, एका हाताने बाभळीला धरून कशीबशी उभी होती. दोन दिवसांत क्रांतीच्या पोटात रात्रीच्या मूठभर भाताखेरीज अन्नाचा कण गेला नव्हता. महाराजांनी सांगितलेल्या व्रताचा तो तिसरा दिवस होता.

हे सगळं इथवर कसं आलं ते आधी सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या उधाणात खाडीची बांदिस्ती फुटली आणि काळेखारच्या भातशेतीत समुद्राचं पाणी शिरलं. बांध पुन्हा घातला, पण जमिनीतलं मीठ निघालं नाही. भात पेरला की हाताएवढा वाढून पिवळा पडायचा. पुरुष उरणला, तळोज्याला कामाला गेले. कमळचा मुलगा ओंकार कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. पंधरा-पंधरा दिवस गुजरातेत. नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली होती. गावात राहिल्या त्या बायका, म्हातारे आणि खारी जमीन.

खाऱ्या पाण्यात जिताडा वाढतो हे आगऱ्यांना कोणी शिकवायला नको. पण पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर बांधाच्या झडपेतून, उघाडीतून, आपसूक येईल ते पिल्लू तळ्यात वाढायचं. कमळच्या गटातल्या नऊ बायकांनी प्रथमच बीजकेंद्रातून मोजून बारा हजार पिल्लं आणली. दोन तळी खणली होती, एक मोठं आणि एक छोटं. मोठं तळं गावापासून लांब. बगळे खातील, कोणी चोरेल, म्हणून कमळने सगळीच्या सगळी पिल्लं घरामागच्या छोट्या तळ्यात सोडली. डोळ्यांसमोर राहतील म्हणून.

क्रांती बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली होती. बीजकेंद्रावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं तेव्हा तीच गेली होती आणि वही भरून आली होती.

"आई, एवढ्याशा तळ्यात बारा हजार मावणार नाहीत," ती म्हणाली होती. "आणि दर आठवड्याला मोठी-लहान वेगळी करायला सांगितलंय."

"माशांना काय इयत्ता असतात?" कमळ म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या आणि विषय तिथेच संपला.

तिसऱ्या आठवड्यात पागाचं जाळं टाकून पाहिलं तर पिल्लं निम्मीसुद्धा उरली नव्हती. गंमत अशी की मेलेलं पिल्लू एकही दिसलं नव्हतं. साप नाही, कारण काठाला जाळी होती. बगळा नाही, कारण वर दोऱ्या ताणल्या होत्या. चोर म्हणावा तर बोटाएवढं पिल्लू चोरून कोण काय करणार? आणि जी उरली होती ती रोज पहाटे पाण्यावर येऊन आचके द्यायची. नऊ घरांतल्या बायका आळीपाळीने बांधावर बसून राहिल्या. बसून काय होणार? पाणी हिरवं होतं आणि पिल्लं कमी होत होती.

अशा वेळी माणसाला कारण हवं असतं. खरंखोटं नंतर. गटातली केसर घरत महाराजांना घेऊन आली. मुरुडकडच्या दोन तळ्यांत त्यांनी म्हणे मेलेले मासे उठवले होते.

महाराजांनी तळ्याला फेरी मारली, पाणी बोटाने चाखलं आणि डोळे मिटले.

"प्रेत सापडत नाही ना?"

"न्हाय महाराज."

"कसं सापडेल? आसरा पदरात घालून नेतात. तळ्याला खाणं कोण घालतं?"

"माजी सून."

"पोटुशी आहे."

कमळ चपापली. सातव्या महिन्याचं पोट कुणालाही दिसलं असतं, पण तिला वाटलं, महाराजांना न सांगता कळलं.

"भरल्या पोटाच्या बाईचा हात पाण्याला लागला. आसरा वांझ आहेत बेटी, सातही. त्या म्हणतात, तुझ्या पोटात एक, तर आमच्या पोटात शंभर. हिला अकरा दिवसांचं व्रत. दिवसभर अन्न नाही, सूर्य बुडाल्यावर मूठभर भात. सकाळी या राखेचं तीर्थ. आणि सरकारी गोळ्या खाते ना, त्या बंद. त्यात लोखंड असतं. लोखंड पोटात गेलं की आसरा बिथरतात."

क्रांती म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्या अंगात रक्त कमी आहे. गोळ्या बंद करता येणार नाहीत."

महाराज हसले. "डॉक्टरला रक्त दिसतं. मला रक्त पिणारी दिसते."

त्या दिवशी कमळने गोळ्यांची पाकिटं उचलली आणि तांदळाच्या पिंपात तळाशी घातली. हे तिने स्वतःच्या हाताने केलं. कोणी तिचा हात धरला नव्हता.

महाराजांचा दुसरा विधी टोपलीचा होता. बांबूची रुंद टोपली, फटी बोटभर. रोज सकाळी चेला पागाने पिल्लं गोळा करायचा आणि महाराज ती टोपलीत घेऊन टोपली पाण्यात हलवायचे. बारकी पिल्लं फटींतून निसटायची, थोराड तेवढी आत राहायची.

"पाहिलंत? कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, माझ्या हातात काही नाही. आसरा स्वतःचा वाटा निवडतात. हा वाटा खाडीत पोचवला की उरलेली पिल्लं तुमची. पण वाटा नेताना मागून कोणी यायचं नाही. जो मागे येऊन पाहील त्याचे डोळे जातील."

मग चेला झाकलेल्या घागरी डोक्यावर घेऊन खाडीच्या रस्त्याने एकटा जायचा.

आणि खरी अडचण इथे होती. विधी लागू पडला. पाच दिवसांत पिल्लं गायब होणं जवळजवळ थांबलं. पाग टाकला की जवळपास तेवढीच यायची. सकाळच्या राखेनंतर आचके थांबायचे. गावाने सरळ हिशेब मांडला: क्रांती उपाशी राहते, म्हणून मासे जगतात. बायका येता-जाता तिला सांगू लागल्या, "धीर धर गो बाय, पाचच दिस ऱ्हायले."

क्रांतीच्या तोंडात फोड आले होते. तीर्थाने जीभ भाजते म्हणायची. सहाव्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आई, जरा ऐका. मोठी पिल्लं बाहेर काढली म्हणून बारकी वाचली. माझ्या वहीत हेच लिहिलंय. माझ्या उपासाचा काही संबंध नाही."

कमळने वहीकडे पाहिलं नाही. तिचं मन म्हणत होतं, असेलही. पण नसलं तर? उपास सोडला आणि उद्या तळं रिकामं झालं, तर नऊ घरांना काय सांगायचं?

"पाच दिस," ती म्हणाली. "माज्यासाठी."

"तुमच्यासाठीच करतेय," क्रांती म्हणाली. 

आठव्या दिवशी दुपारी क्रांती न्हाणीत कोसळली. केसर आणि कमळ दोघींनी तिला उचललं तेव्हा तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर अमिषा तरुण होत्या. त्यांनी क्रांतीच्या पापणीची आतली बाजू पाहिली, रक्त तपासलं आणि लगेच अलिबागच्या मोठ्या रुग्णालयात न्यायला गाडी बोलावली.

"गोळ्या घेत होती ना ही? मागच्या महिन्यात आकडा सुधारत होता."

 कमळने सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तीर्थाची ती राख आहे तुमच्याकडे?"

कमळच्या पदराच्या गाठीत डबी होती. डॉक्टरांनी ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकली. बारीक बुडबुडे वर आले.

"मावशी, तुम्ही भांडी कशाने घासत होता पूर्वी?"

"राखेनं. जल्म गेला."

"राखेला असे बुडबुडे येतात?"

कमळने ग्लास उचलला. बोट बुडवून पाहिलं. साबणासारखं बुळबुळीत लागलं. जिभेला लावलं आणि जीभ चरचरली. आठ दिवस हेच पाणी तिने स्वतःच्या हाताने सुनेला पाजलं होतं, एकदाही स्वतः न चाखता.

"हे नेमकं काय आहे ते प्रयोगशाळेत कळेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण राख नाही, एवढं तुम्हालाही कळलं."

गाडीत क्रांती अर्धवट शुद्धीत होती. अलिबागला तिची आई येऊन पोचली आणि तिने कमळला खाटेपासून लांबच उभं केलं. रक्ताची बाटली चढली, तेव्हा कुठे संध्याकाळी क्रांतीने डोळे उघडले. सासूला पाहून तिने तोंड फिरवलं नाही. तेवढीही ताकद नव्हती.

"आई," ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. टब घ्या. तीन टब आणि एक बादली." मग थांबत थांबत तिने काय करायचं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळ गावात परतली. केसरला बोलावलं आणि शेजारच्या गुणाजी पाटलांना. गुणाजी पंचाहत्तरीचे, उभा जन्म खाडीत पाग टाकण्यात गेलेला. अंगणात तीन सारखे टब ठेवले, प्रत्येकात चार तांबे तळ्याचं पाणी आणि चाळीस पिल्लं. एवढ्याशा पाण्यात एवढी गर्दी. घटकाभरात तिन्ही टबांतली पिल्लं वर येऊन आचके देऊ लागली.

पहिल्या टबात कमळने महाराजांची राख टाकली. दुसऱ्यात स्वतःच्या चुलीची. तिसऱ्यात काहीच नाही. केसर तांब्याने त्यातलंच पाणी उचलून वरून ओतत राहिली. धार पडत होती, फेस होत होता.

पहिल्या टबातली पिल्लं खाली गेली. केसरने हात जोडायला तांब्या ठेवला, आणि तिसऱ्या टबाकडे तिची नजर गेली. तिथलीही पिल्लं खाली गेली होती. दुसऱ्या टबातली मात्र चुलीच्या राखेत अजून तडफडत होती. गुणाजींनी त्यांना उचलून ताज्या पाण्यात सोडलं.

"तुज्या तांब्यात पन आसरा हायत काय गो केसर?" ते म्हणाले. कोणी हसलं नाही.

बादलीत दहा बारकी पिल्लं होती आणि टोपलीतून सुटून तळ्यात राहिलेलं एक थोराड. वर फडकं बांधून तिघं समोरच बसली. दुपारी फडकं काढलं तेव्हा बारकी सात होती. तळाला प्रेत नव्हतं. थोराड पिल्लू एका कडेला स्थिर होतं, पोट टम्म, आणि त्याच्या तोंडातून दुसऱ्या पिल्लाची शेपटी बाहेर आली होती. शेपटी अजून हलत होती.

कमळ त्या बादलीशेजारी बसली ती बराच वेळ उठली नाही. सात हजार पिल्लं कुठे गेली ते तिला कळलं होतं. थोरल्या भावंडांच्या पोटात. आणि ही गोष्ट तिच्या घरात, एका शाळकरी वहीत, निळ्या शाईने लिहिलेली होती.

"मंग हा टोपलीतली मोठी नेतो कुठं?" गुणाजींनी विचारलं. "खाडीत सोडतो बोलतो. मी उद्या बगतो. माज्या डोल्यांत आदीच मोतीबिंदू हाय, अजून काय जानार?"

पुढच्या पहाटे बांधावर पुन्हा गर्दी जमली. महाराजांनी घागरी उचलल्या तेव्हा कमळ त्यांच्या आडवी आली.

"आज राख नको, महाराज. आज आमी करतंव."

कमळ आणि गटातल्या बाकीच्या आठही बायका ओचे खोचून तळ्यात उतरल्या. बादल्यांनी, परातींनी त्यांनी पाणी उचलून वर फेकायला सुरुवात केली. बांधावरून कोणी तरी ओरडलं की आसरा कोपतील. बायका थांबल्या नाहीत. हात भरून आले, पातळं छातीपर्यंत भिजली. हळूहळू पिल्लं खाली गेली.

"रातभर मासे पान्यातली हवा घेतात, शेवाल पन घेतो," कमळ लोकांकडे वळून म्हणाली. क्रांतीने खाटेवरून सांगितलेलंच ती बोलत होती. "दाटी हाय, म्हनून पहाटे हवा संपते. पानी हलवला की हवा शिरते. ऊन आला की शेवालच हवा देतो. ह्यांची राख म्हंजे हवा सोडनारी पूड हाय. चुलीची राख आमी टाकून बगितली, तिनं काय झाला न्हाय."

महाराज जरासुद्धा गडबडले नाहीत. "बेटी, मासे वाचले ते आठ दिवसांच्या पुण्यावर. व्रत मोडलंस. सून कुठे आहे तुझी?"

कमळच्या कमरेला खोचलेला फोन त्याआधी थोडाच वेळ वाजून गेला होता. ओंकार गुजरातेतून रातोरात अलिबागला पोचला होता. पहाटे क्रांतीला मुलगी झाली होती, दोन महिने आधी. पावणेदोन किलोसुद्धा भरली नव्हती. काचेच्या पेटीत ठेवली होती आणि डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

ती बातमी महाराजांनाही कोणी तरी पोचवली असावी. ते गर्दीकडे वळले. "अकरा दिवस सांगितले होते. आठव्या दिवशी व्रत मोडलं. आसरांनी पोटावर हात घातला की नाही? तुम्हीच बोला."

गर्दी मागे सरकली. केसरसुद्धा पाण्यात उभ्या उभ्या गळाठली. एवढ्या टबांचा, एवढ्या शेपट्यांचा पुरावा एका वाक्यात वाहून जाईल असं झालं.

आणि कमळलाही ते वाक्य हवंहवंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आसरांनी केलं म्हटलं की सगळं संपत होतं. मग दोष पाण्याचा, नशिबाचा, सात वांझ बहिणींचा. कमळ म्हात्रे मोकळी.

ती काठावर आली.

"आसरांनी न्हाय," ती म्हणाली. "मी. तिच्या गोल्या मी तांदलाच्या पिपात लपवल्या. तिच्या पुढचा ताट मी उचलला. जीब भाजनारा पानी मी पाजला. ती सांगत व्हती, मी ऐकला न्हाय. उपाशी आईचा पोर लवकर आला, त्यात आसरांचा काय काम? माजा पाप मी दुसऱ्या कोनाला देनार न्हाय."

 तेवढ्यात खाडीच्या रस्त्याने एक टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी गुणाजी बसले होते, मागे चार तरणे पोरगे निळं पिंप धरून उभे. चेला आज लवकरच वाटा घेऊन गेला होता, आणि घागरी खाडीत रिकाम्या करण्याऐवजी धक्क्याजवळ उभ्या असलेल्या या टेम्पोतल्या पिंपात ओतत असताना गुणाजींनी आणि पोरांनी त्याला पकडलं होतं. पिंपाला बॅटरीवरचा पंप लावलेला, नळीतून हवा भुळभुळत होती, आणि आत काळेखारची निवडक, थोराड पिल्लं आरामात फिरत होती. ड्रायव्हरने सांगून टाकलं की रोजचा माल दुसऱ्या तालुक्यातल्या एका तळेवाल्याकडे जातो. सीटखाली पांढऱ्या पुडीची गोणी होती. गोणीवर छापलेलं होतं: मत्स्यतलावासाठी, प्राणवायू देणारी पूड, लहान मुलांपासून दूर ठेवा.

गुणाजींनी ते अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचलं. मग कमळने महाराजांच्या हातातली टोपली घेतली आणि फटीतून बोट घालून लोकांना दाखवलं.

"आमी तांदूल चालतो, कनी खाली जाते. त्याला कोन देव बोलतो? ही चालन हाय. मोठी पिल्लं बारक्यांना खातात. मोठी काडली, बारकी वाचली. माजे सुनेनं पयल्या दिवशी ह्याच सांगितला व्हता. ह्यानं त्याच केला, फक्त मोठी आपन नेली."

महाराजांनी शापाला हात उचलला खरा, पण तोवर पोरांनी त्यांना बांधावर बसवलं होतं. पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहिली गेली. तिथे कळलं की महाराजांचं नाव चंदर, आणि परराज्यातल्या एका कोळंबी बीजकेंद्रात त्याने सात वर्षं काम केलेलं. माशांचं त्याला सगळं कळत होतं. पाण्यात हवा किती लागते, दाटी किती चालते, मोठी-लहान कधी वेगळी करायची. हे ज्ञान त्याने सरळ सांगितलं असतं तर गावाने त्याला मानाने ठेवून घेतलं असतं. पण सांगितलेलं ज्ञान लोक एकदा घेतात आणि नंतर विचारायला येत नाहीत. चमत्कार रोज लागतो.

गटाने अर्धी पिल्लं लांबच्या मोठ्या तळ्यात नेली. दर आठ दिवसांनी चाळून मोठी-लहान वेगळी होऊ लागली. पहाटे पाणी उडवणारं चाक बसलं. उरलेली पिल्लं तरली, तरी गेलेली सात हजार परत आली नाहीत.

मुलगी काचेच्या पेटीत छत्तीस दिवस होती. कमळ रोज पहिल्या एसटीने अलिबागला जायची आणि दाराबाहेर बसून परत यायची. मुलगी जगली. क्रांती तिला घेऊन माहेरी गेली, चार महिन्यांनी परत आली. ती सासूशी बोलते. तळ्याबद्दल बोलते, खाण्याबद्दल, पाण्याबद्दल. त्यापलीकडे अजून बोलत नाही, आणि कमळ तिला बोल म्हणत नाही.

पण जिथून जिथून बोलावणं येतं, तिथे कमळ जाते. मागच्या महिन्यात मुरुडजवळच्या एका गावात गेली होती. महाराजांनी मेलेले मासे उठवले होते म्हणतात, ते हेच गाव. शाळेच्या पडवीत शंभरेक बायका बसल्या होत्या. टब, बादली, पूड, सगळं दाखवून झालं. तेव्हा एक म्हातारी उठली.

"मंग आसरा न्हायतच, असा बोलतंस काय?"

कमळने हातातली बादली खाली ठेवली.

"आसरा कोनी बगितल्या न्हायत, मी पन न्हाय. मी बगितला ता पिल्लू खानारा पिल्लू. मना एवढाच सांगायचा हाय. मासा मेला तर इचारा, पानी कसा हाय, दाटी किती हाय, पोटाला काय मिलाला. मानूस आजारी पडला तरी ह्याच इचारा, आनि शिकलेल्या मानसाला इचारा. कोनी बोलला का ह्या बाईमुले झाला, त्या बाईमुले झाला, तर त्याला बोला, दोन टब मांडून दाखव. खरा असंल तर दाखवंल, खोटा असंल तर शाप देईल. माज्या दारात इचारनारी व्हती. मी तिला उपाशी ठेवली. तुमच्या दारात असंल, तर तिला आदी जेवू घाला, आनि मंग ती काय बोलते ता ऐका."